तिसरी तारीख

“नुसता हुकूमनामा हवा, की सगळी फाइल?” खिडकीमागच्या केन्ड्रानं विचारलं. प्रश्न काही अवघड नव्हता. घटस्फोटाची नक्कल मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारत असणार. बहुतेकांना नुसता हुकूमनामा लागतो, असं तिनं मला समजावलंही. कुणाला पुन्हा लग्न करायचं असतं, कुणाला पेन्शनच्या अर्जाला जोडायचा असतो. दोन पानं, वर शिक्का, पाच मिनिटांत माणूस मोकळा. सगळी फाइल मागणारे थोडे. “त्यात अर्ज, समन्स, साक्षी, सगळंच येतं. इतकी जुनी म्हणजे मायक्रोफिल्मवर असणार. वेळ लागेल, आर्डिसबाई.” ती मला ओळखत होती. एकोणतीस वर्षं बँकेत बसलेल्या बाईला या गावात कोण ओळखत नाही? तिच्या पहिल्या गाडीच्या कागदावर नोटरीचा शिक्का मीच मारला होता. माझ्यामागे एक गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते, आणि चिठ्ठीवर मी लिहिलेली नावं, वादी व्हर्ना टीमन, प्रतिवादी डेल्बर्ट टीमन, सन १९६१, मी तळव्याखाली झाकून धरली होती. झाकून काय उपयोग? ही फाइल कुणीही मागावी, कुणीही वाचावी अशीच असते. अडतीस वर्षं ती या इमारतीच्या तळघरात पडून होती आणि गावातल्या कुणाही रिकामटेकड्याला चिठ्ठी भरून ती वर आणवता आली असती, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजत होते, ती गोष्ट फक्त माझ्याजवळ आहे. “सगळी,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की केन्ड्रानं पुन्हा विचारलं, आणि मग मला ते मागच्या गृहस्थांनाही ऐकू जाईल असं सांगावं लागलं.

सगळी फाइल मला नको होती, कोरीनला हवी होती. कोरीन माझी भाची, माझ्या भावाची, डेल्बर्टची, एकुलती एक मुलगी. ती नदीपलीकडे आयोवात राहते. तिचा फोन आला तेव्हा मी सिंकपाशी उभी राहून रुबार्बचे आंबट देठ चिरत होते. फोनवर तिचा आवाज तिच्या आईसारखा येतो, म्हणून मी दर वेळी क्षणभर दचकते. ती म्हणाली, खालची शिवणाची खोली रिकामी केली आहे, खिडकीशी पलंग लावला आहे, रविवारी येऊन डेल्बर्टला घेऊन जाते. फेब्रुवारीत त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलण्यातले चार-पाच शब्द तेवढे उरले. धान्याच्या कोठारांपलीकडे जे आजाऱ्यांचं घर आहे तिथं तो तिघांच्या खोलीत पडून असतो. मी रोज दुपारी जाते, त्याची दाढी करते, पण त्रेसष्टाव्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत त्याला चढवणं माझ्या आवाक्यातलं नाही. आणि ही मुलगी, जिनं बापाला जाणत्या वयात उण्यापुऱ्या आठ वेळा पाहिलं असेल, ती आपणहून न्यायला निघाली होती. मला रडूच आलं. मग ती म्हणाली, “एक काम कर मात्र, आत्या. त्यांच्या घटस्फोटाची फाइल काढून ठेव. सगळी.” व्हर्ना, तिची आई, मागच्या शरदात गेली. जाण्याआधी दोन दिवस ती कोरीनला म्हणाली होती, तुझ्या वडिलांच्यात वाईट काही नव्हतं. आणि मग पुढे काही बोललीच नाही. “वाईट नव्हतं तर सोडलं कशाला? तू कधी सांगत नाहीस, तुझ्या भावाला आता बोलता येत नाही. कागद तरी सांगेल. माझ्या घरात दोन मुली आहेत. मी कोणाला घरात आणतेय हे मला कळायला नको?” तिनं त्याला आजवर तुझा भाऊ याशिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही. मला तेव्हाच सांगता आलं असतं. हातात सुरी होती, फोन खांद्यावर अडकवलेला होता, दुपार माझीच होती. मी म्हणाले, आणते की, कोर्ट दोन गल्ल्यांवर तर आहे. आणि रुबार्ब अर्ध्या अर्ध्या इंचाचे तुकडे करून चिरत राहिले.

केन्ड्रा तळघरात गेली आणि मी भिंतीच्या बाकावर बसले. १९६१च्या नोव्हेंबरातही मी असल्याच बाकावर बसले होते. डोक्यावर नवी करडी टोपी होती, पंचविशीत होते. तेव्हा आमच्या राज्यात दोघांना नको झालं म्हणून लग्न मोडता येत नसे. एक जण गुन्हेगार लागे आणि दुसरा निर्दोष. व्यभिचार, दारू, सोडून जाणं किंवा क्रूरपणा, यांतलं काहीतरी दाखवावं लागे. आणि क्रूरपणा म्हटला तर एकदा हात उचलून भागत नसे, दोनदा लागे, शिवाय ते पाहिलेला एक साक्षीदार. खरी गोष्ट एवढीच होती की मक्याचं बियाणं विकत फिरणाऱ्या हॅरल्ड नावाच्या माणसावर व्हर्नाचा जीव जडला होता. डेल्बर्टला ते माहीत होतं. त्यानं ते कोर्टात सांगितलं असतं तर व्हर्नाचं नाव गुरुवारच्या पेपरात आलं असतं आणि कदाचित मूलही तिच्याकडून गेलं असतं. म्हणून तो तिला म्हणाला, अर्ज तू कर, वाईटपणा मी घेतो. बऱ्या घरांतून तेव्हा असंच चाले. पुरुषानं दोष आपल्या अंगावर घ्यायचा, कोर्टात यायचं नाही, आणि वकिलानं ठरलेली वाक्यं म्हणवून घ्यायची. वकील प्रुइट म्हणाले होते, दोन मारहाणी, दोन तारखा, साध्यासुध्या दिवसांच्या. साक्षीदारानं फक्त हो म्हणायचं. त्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही तिघं डेल्बर्टच्या स्वयंपाकघरात, पेंडीच्या दुकानानं दिलेलं कॅलेंडर समोर ठेवून, त्यानं बायकोला कोणत्या दिवशी मारलं ते ठरवायला बसलो. बटाट्याचं सॅलड त्यानंच केलं होतं. व्हर्नानं एका चौकोनावर बोट ठेवलं तर तो म्हणाला, “ईस्टरला नको हं. इतकाही वाईट नाही मी.” मग चार मार्च ठरली. व्हर्ना म्हणाली, तेव्हा तुला ताप होता, उभं राहवत नव्हतं, मला मारणार कुठून? तो म्हणाला, म्हणूनच तर, त्या दिवशी मला बाहेर कुणी पाहिलं नाही. दुसरी बावीस ऑगस्ट, कारण त्या चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही इतकं हसलो की व्हर्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना. कोरीन तेव्हा तीन वर्षांची होती. ती बापाच्या बुटावर बसून त्याच्या पोटरीला मिठी मारून होती, आणि तो पाय हलवून तिला झुलवत होता. आपण काय ठरवतोय याची लाज तेव्हा आम्हांला वाटली नाही. आपण फार समजूतदार माणसं आहोत असंच वाटत होतं.

पुढे मी बँकेत लागले आणि बँकेनं मला नोटरी केलं. काय म्हणावं याला? एकोणतीस वर्षं मी लोकांना म्हणत आले, उजवा हात वर करा, हे खरं आहे अशी शपथ घेता का? शेतकरी, विधवा, नवी लग्नं झालेली पोरं, सगळ्यांनी माझ्यासमोर हात वर केला. तो पहिला हात माझा होता आणि खोटा होता, हे मला दर वेळी आठवायचं असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. महिनोन् महिने आठवायचं नाही. आठवलं की मी एक समजूत काढून ठेवली होती, ती पुढे करायची. समजूत अशी: मी घाबरले. दुसरी तारीख ऐन वेळी विसरले, तोंडाला जो दिवस आला तो सांगितला, आणि तो दिवस मला का आठवतो हे पटवून देण्यासाठी थोडं पदरचं घालावं लागलं. पंचवीस वर्षांची पोर, समोर न्यायाधीश, कुणाचीही गाळण उडेल. जो दिवस तोंडाला आला तो अकरा जून होता, कोरीनचा तिसरा वाढदिवस.

केन्ड्रा कागदांचा गठ्ठा घेऊन वर आली. “एक पान धूसर आलंय. वाचता येतंय का बघा, नाहीतर पुन्हा काढते,” म्हणत तिनं ते उजेडात धरलं आणि, या लोकांना सवयच असते, तपासायचं म्हणून स्वतःच पुटपुटत वाचायला लागली. ताट. थोबाडीत. मुलगी टेबलाखाली. मग तिचं बोट वर सरकलं, साक्षीदाराच्या नावापाशी थांबलं, आणि तिनं मान वर केली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं नाव तेव्हा होतं तेच आजही आहे. कोर्टाच्या कागदावर कुणाला ओळखता येऊ नये अशी सोय मला नव्हती. मला वाटलं, आता हिला सगळं कळलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “तुम्ही होतात ही?” ती हळूच म्हणाली. “सख्ख्या भावाच्या विरुद्ध उभ्या राहिलात? त्या काळात? माझ्या आईच्या बाजूनं कुणी उभं राहिलं असतं ना, आर्डिसबाई...” तिनं शिक्का मारला, जिथं मारायचा तिथं नीट, सरळ, मी तिच्या जागी असते तर जसा मारला असता तसा. नाकारलं असतं तरी चाललं असतं. नाही गं, तसं काही नव्हतं, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “थँक्यू, केन्ड्रा.” त्या मुलीची शाबासकी मी घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवल्यासारखी घेतली आणि बाहेर पडले.

कोर्टासमोरच्या हिरवळीवर एक जुनी तोफ आहे आणि तिच्याजवळ बाक. घरी जाईपर्यंत मला धीर निघाला नाही. पानं चौदा होती. पहिली दहा नुसती वकिली. अकराव्यावर व्हर्नाची साक्ष, हो आणि नाही यांपलीकडे एक शब्द नाही. बाराव्यावर मी. चार मार्चला पाहिलंत का? हो. आणि खाली, टाइपरायटरच्या झिजलेल्या अक्षरांत: “प्रश्न: तसंच बावीस ऑगस्टलाही पाहिलंत का? उत्तर: हो. आणि त्याआधीही. अकरा जूनला. प्रश्न: तेवढं पुरे आहे, मिस टीमन. न्यायाधीश: बोलू द्या त्यांना. सावकाश सांगा.” मी ते तीनदा वाचलं. मी तारीख विसरले नव्हते. तारीख वकिलानं माझ्या तोंडात घातली होती आणि मी तिला हो म्हटलं होतं. दोन मारहाणी झाल्या होत्या, कायद्याचं पोट भरलं होतं, काम संपलं होतं. तिसरी मी आपल्या मनानं दिली. प्रुइट मला थांबवत होते तरी दिली. अडतीस वर्षं जपलेली समजूत तिथं बाकावर माझ्या मांडीत मरून पडली आणि मला तो क्षण आठवला, खराखुरा. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं होतं. सावकाश सांगा, ते म्हणाले होते. मला तोवर असं कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात ज्याचं ऐकायचं तो डेल्बर्ट होता. आईचा लाडका डेल्बर्ट, शेजाऱ्यांचा बर्फ उपसून देणारा डेल्बर्ट, बायको परक्या माणसाकडे निघाली तरी तिचं नाव राखणारा डेल्बर्ट. सगळे म्हणायचे, काय माणूस आहे! आणि त्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती आणि लोक माझ्याकडे बघत होते. पाच मिनिटं तो वाईट होता आणि मी चांगली. मला बरं वाटलं. हे मी आता लिहिते आहे तरी माझा चेहरा तापतो, पण खरं तेच आहे. मला फार बरं वाटलं. व्हर्नाच्या हातात केकचं ताट होतं, मी सांगितलं, निळ्या काठाचं. अंगणात टेबल मांडलं होतं. त्यानं तिच्या थोबाडीत मारली, तिच्या हातून ताट पडलं, फुटलं, मुलगी टेबलाखाली जाऊन बसली आणि बाहेर येईना. टाइप करणारी बाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागली होती.

ताट फुटलं होतं, तेवढं खरं. फोडलं मी. वाढदिवस अंगणातच होता, केक डेल्बर्टनं ताटात आणला होता आणि मीच कापते म्हणून मी ते ताट त्याच्या हातून ओढलं. ताट आमच्या आईचं होतं, तिच्या लग्नातलं, सहांपैकी उरलेलं एक. आई घरातून काय पडलं म्हणून विचारत आली आणि मी मागे सरले, कारण माझ्या धांदरटपणाची यादी तिच्याजवळ तयारच असे. डेल्बर्ट पुढे होऊन म्हणाला, “मी. माझ्या हातून पडलं.” आई त्याच्यावर काय चिडणार? चल, जाऊ दे, म्हणाली. त्यानं आधी कोरीनला तुकड्यांतून उचलून बाजूला ठेवलं आणि मग गवतात गुडघे टेकून तुकडे वेचले. आणि पाच महिन्यांनी मी तेच ताट त्याच्यावर फेकलं. हुकूमनाम्याच्या दुसऱ्या पानावर त्याचा निकाल आहे: अकरा जूनला मुलीदेखत घडलेला प्रकार पाहता बापानं मुलीला वर्षातून दोनदा, दोन तास, चर्चच्या पाळकांच्या समक्ष भेटावं. तीन वर्षं तो पाळकांच्या बैठकीच्या खोलीत कडक कॉलर लावून, गुडघ्यावर बाहुली घेऊन बसत असे. मग व्हर्ना लग्न करून नदीपलीकडे गेली आणि तेही थांबलं. पुन्हा कोर्टात जायचं तर सगळं उघड करावं लागलं असतं, आणि खोट्या शपथेबद्दल मी आत गेले असते. मला तो या बाबतीत एकदाच बोलला. माझं धुराडं साफ करायला आला होता, प्रुइटकडून त्याला कळलं होतं. हात पुसत म्हणाला, “ते ताट माझ्या हातून फुटलं असं मी आईला सांगितलं होतं. तू कोर्टालाही सांगितलंस होय!” आणि हसला. आवाजात टोमणा असता तर मी निभावून नेलं असतं. टोमणा नव्हता. मी त्याला कॉफी विचारली.

गुरुवार ते रविवार मी काय केलं? आधी नुसता हुकूमनामा द्यायचं ठरवलं. बाकीची पानं काढून घ्यायची आणि म्हणायचं, तेव्हा सगळेच असं लिहीत, कायद्याची रीत होती. यात डेल्बर्टही सुटत होता आणि मीही. पण हुकूमनाम्यातच अकरा जून होती, मुलीदेखत हे शब्द होते, ती विचारणारच होती. मग मी टेबलाशी बसून खरं काय ते लिहून काढलं, दीड पान. लिहून झाल्यावर सवयीनं ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, आणि मग लक्षात आलं की नोटरीला स्वतःच्या सहीवर शिक्का मारता येत नाही. ही गोष्ट मी बँकेतल्या प्रत्येक नव्या मुलीला शिकवली आहे. माझ्या जागेवर आता बसते ती मुलगीही माझ्याच हाताखाली शिकलेली. तिच्यासमोर जाऊन उजवा हात वर करायचा, आणि ती सही करण्याआधी कागदावर नजर टाकणार, माणूस टाकतोच. शुक्रवारी बँकेच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. माझ्या भावाचं उरलेलं आयुष्य एका सहीवर होतं आणि मला त्या मुलीला तोंड दाखवायची लाज वाटली. कागद तसाच, बिनशिक्क्याचा, पाकिटात घातला.

रविवारी कोरीन चर्चहून परस्पर आली. अंगात निळा कोट, हातात गाडीची किल्ली. मी रुबार्बची पेस्ट्री भाजून ठेवली होती, हॅम होतं, तिनं कशाला हात लावला नाही. टेबलाशी बसून पानावर बोट ठेवून ती वाचत गेली आणि मी ओट्याशी उभी राहून तिचं बोट कुठवर आलं ते बघत राहिले. बाराव्या पानावर ते थांबलं. “मला ते तुकडे आठवतात,” ती म्हणाली. “गवतात. निळे-पांढरे. मला वाटायचं, ते स्वप्न होतं.” तिचा चेहरा असा झाला होता की मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. कॅलेंडर सांगितलं, ईस्टर सांगितलं, हॅरल्डचं सांगितलं, ताट मी फोडलं आणि त्यानं आईला ते आपल्या हातून पडलं म्हणून सांगितलं तेही सांगितलं, न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं तेही. मला बरं वाटलं होतं हेसुद्धा सांगितलं. माझा दीड पानांचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं तो वाचला आणि मागची बाजू पालटून पाहिली. कोरी होती. मग ती अगदी शांतपणे बोलली, रागावली असती तर बरं होतं. “आत्या, तू शपथ घेऊन एक सांगितलंस. आता शपथेशिवाय दुसरं सांगतेयस. आणि तो तुझा भाऊ आहे, त्याला कुठंतरी ठेवायला हवंय. माझ्या जागी तू असतीस तर कशावर विश्वास ठेवला असतास?” मी एकोणतीस वर्षं ज्यावर ठेवला, त्या शिक्क्याच्या कागदावरच ठेवला असता. कोट तिनं काढलाच नव्हता. ती म्हणाली, जाऊन भेटून येते, आज नेत नाही हे त्याला तोंडानं सांगायला हवं, तेवढं मी करीन.

डेल्बर्ट सकाळपासून तयार होऊन बसला होता. नर्सनं त्याला स्वच्छ शर्ट घातला होता, केस ओले करून विंचरले होते, पिशवी भरून पलंगावर ठेवली होती. पायांत नुसते मोजे होते, बूट पलंगाखाली. कोरीनला पाहून त्याचं तोंड डाव्या बाजूनं हसलं. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. फाइल मांडीवर होती. मी तिच्या पाठीशी, दाराजवळ. ती आज नेत नाही हे सांगायला सुरुवात करणार असं मला वाटलं, पण ती थोडा वेळ त्याच्या मोज्यांकडे बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, “माझ्या तिसऱ्या वाढदिवसाला अंगणात एक ताट फुटलं होतं. निळ्या काठाचं. कुणाच्या हातून?”

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग कळला, ते दिसलं. त्यानं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. साठ वर्षं तो माझ्याकडे असाच बघत आला आहे, आई आली की. मी जोरजोरानं मान हलवली, नको, नको. त्यानं डावा हात उचलला, तो हवेत जरा चुकला, मग छातीवर टेकला. “मी,” डेल्बर्ट म्हणाला. त्याच्या उरलेल्या शब्दांपैकी तो एक होता. पुन्हा म्हणाला, स्पष्ट यावा म्हणून ओठ आवळून, “मी.”

मी डोळे मिटून घेतले. आता ती उठणार आणि जाणार, असं धरून चालले. कागदाचा आवाज आला. कोरीननं फाइल उघडली होती आणि बाराव्या पानावर तिचं बोट शोधत होतं. “इथं लिहिलंय, आईच्या हातून पडलं,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “आणि तू मघाशी म्हणालीस, यानं आजीला काय सांगितलं होतं?” हेच सांगितलं होतं: मी. ती माझ्याकडे बघतही नव्हती. त्याचा तो छातीवरचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. पलीकडच्या पलंगावरचे म्हातारे खोकत होते. मग तिनं डोळे पुसले, फाइल मिटली आणि म्हणाली, “आत्या, बाबांचे बूट कुठेत?”

मी पलंगाखाली वाकले. बूट समोरच होते, हाताला लगेच लागले. पण मी तिथंच वाकून राहिले, कारण वर डेल्बर्ट माझ्याकडे बघत असणार, मला पुन्हा एकदा वाचवल्याच्या आनंदात.